कार्बन मोनॉक्साइड आणि अपस्मार: आकडीचे कारण मेंदूत शोधायचे की खोलीतल्या हवेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या २६ वर्षांच्या बहिणीला गेल्या दोन हिवाळ्यांत मिळून तीन वेळा आकडी आली. तिन्ही वेळा ती आंघोळीला गेली होती आणि न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर आहे. एमआरआय (मेंदूचे चित्र) आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) दोन्ही नॉर्मल आले; तरीही अपस्माराचे निदान होऊन लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या सुरू झाल्या. आता त्यांना कोणीतरी कार्बन मोनॉक्साइडबद्दल सांगितले आहे. या वायूने आकडी येते का, आली तर त्याला अपस्मार म्हणायचे का, गोळ्या किती काळ घ्यायच्या, आणि ज्याला आधीपासूनच अपस्मार आहे त्याला हा वायू अधिक घातक आहे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल, पण दोन गोष्टी आजच करायच्या आहेत. तो गीझर आजपासून बंद ठेवा, आणि गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. तीन वेळा आकडी, तिन्ही वेळा तीच जागा, तिन्ही वेळा थंडीचे दिवस आणि मधल्या काळात काहीही नाही, एवढे ऐकल्यावर माझा पहिला संशय मेंदूवर जाण्याआधी त्या खोलीतल्या हवेवर जातो. हा संशय आहे, निदान नव्हे. परंतु हा संशय दूर होईपर्यंत त्या खोलीत कोणीही आंघोळ करू नये इतका तो गंभीर आहे.

इंधन कोणतेही असो, त्यातील कार्बनला जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लहान, बंद खोलीत पेटलेला गीझर हे याचे ठळक उदाहरण आहे. बर्नर त्याच खोलीतील हवा वापरतो, जळून उरलेले वायू त्याच खोलीत सोडतो, आणि मिनिटागणिक ज्योतीला मिळणारी हवा निकस होत गेल्याने विषारी वायूची निर्मिती वाढत जाते. म्हणूनच घरात सर्वांत शेवटी आंघोळ करणाऱ्याला किंवा फार वेळ आंघोळ करणाऱ्याला त्रास होतो आणि पहिल्याला काहीच होत नाही. थंडीत खिडकी लावून घेतली जाते, पाणी अधिक गरम लागते, गीझर जास्त वेळ चालतो. हिवाळ्याचा संबंध इथे आहे.

‘पण गॅसचा वास तर आला नव्हता’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक अशा कुटुंबाकडून ऐकायला मिळते, म्हणून त्याचा खुलासा करतो. सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी रसायन मिसळलेले असते. तो वास न जळलेल्या गॅसचा असतो. गॅस पेटला की ते रसायनही जळून जाते, आणि ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास, ना चव. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्यामुळे तो वर किंवा खाली साचून राहत नाही, सगळ्या खोलीत मिसळतो. तेव्हा वास न येणे हा या वायूच्या विरुद्धचा पुरावा होऊच शकत नाही.

शरीरात तो काय करतो हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखवून दिले की हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनला तेथून हुसकावून लावतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतः हा वायू हुंगून, स्वतःचे रक्त तपासत त्याच्या परिणामांची नोंद केली. हिमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडबद्दलची ओढ ऑक्सिजनच्या तुलनेत सुमारे २०० ते २५० पट असते. याचा अर्थ साध्या हिशेबाने पाहा: हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पण त्याच हवेत कार्बन मोनॉक्साइड केवळ ०.१ टक्का असला आणि माणूस त्या हवेत बराच वेळ राहिला, तर त्याचे सुमारे निम्मे हिमोग्लोबिन या वायूने अडवलेले असेल. उरलेल्या हिमोग्लोबिनवर जो ऑक्सिजन असतो तोही पेशींकडे सहजासहजी सोडला जात नाही. शिवाय हा वायू पेशींच्या आतही पोहोचतो, ऊर्जानिर्मितीच्या साखळीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला बांधतो, आणि पुढे दाह व मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण अशा प्रक्रियांना चालना देतो. यामुळेच रक्तातील पातळी उतरल्यानंतरही मेंदूची हानी काही काळ चालू राहू शकते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के ऑक्सिजन वापरतो. पुरवठा तुटला की चेतापेशींच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात, पेशींची विद्युत्स्थिती ढासळते, ग्लूटामेट हे उत्तेजक रसायन भरमसाट बाहेर पडते आणि शेजारच्या पेशीही एकाच वेळी पेटून उठतात. हीच आकडी. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे: कार्बन मोनॉक्साइडमुळे आकडी येऊ शकते, आणि ती अपस्माराच्या आकडीसारखीच दिसते. मात्र विषबाधा झालेल्या बहुतेकांना आकडी येत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातापायांतील बळ गेल्यासारखे वाटणे, विचारांचा गोंधळ ही लक्षणे कितीतरी अधिक वेळा आढळतात, आणि अनेकदा आकडीच्या आधी काही मिनिटे तीच आलेली असतात. लहान मुलांचा श्वासाचा वेग अधिक असल्याने त्यांना त्रास लवकर होतो. ताप नसताना बंद खोलीत मुलाला झटके आले, तर हा वायू आठवायलाच हवा.

इथे एक गुंता आहे. हा वायू हृदयाच्या स्नायूलाही ऑक्सिजनपासून वंचित करतो, आणि गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळतो, आणि मेंदूला काही क्षण रक्त न मिळाल्याने त्याचे हातपाय पाच-दहा सेकंद झटकले जातात. ही आकडी नव्हे. ही झटक्यांसह आलेली मूर्च्छा. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते आणि घाबरलेल्या माणसाला सेकंदांचा अंदाज राहत नाही. साध्या मूर्च्छेत माणूस आडवा झाल्यावर लगेच भानावर येतो. आकडीनंतर तो बराच वेळ गोंधळलेला राहतो. परंतु विषारी हवेतून बाहेर काढलेला माणूस मूर्च्छेनंतरही गोंधळलेलाच असतो, त्यामुळे ही नेहमीची कसोटी इथे फसते. जिभेच्या कडेला खोल चावा आणि मिनिटभर तरी चाललेले, आधी ताठरणे आणि मग झटके अशा क्रमाचे आचके असतील, तर आकडीकडे कल झुकतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी तिशीतला एक तरुण येत असे. न्हाणीघरात दोनदा कोसळला होता, दुसऱ्या वेळी झटके आईने डोळ्यांनी पाहिले होते. तपासण्या नॉर्मल होत्या. मी त्याला गोळ्या लिहून दिल्या, उंचावर काम करू नका, वाहन चालवू नका, दाराला आतून कडी घालू नका, असे सगळे समजावून सांगितले. पाण्याच्या तापमानाबद्दल विचारले. पाणी कशावर तापते हे विचारले नाही. तिसऱ्या वेळी तो कोसळल्यावर दार ढकलून त्याला उचलायला आत गेलेली आईही उंबरठ्यावरच बसली, तिला उलटी झाली आणि डोके फुटेल असे दुखू लागले. एका घरात दोघांना एकाच वेळी अपस्मार होत नाही. त्या दिवशी आणीबाणी विभागातल्या निवासी डॉक्टरने दोघांचेही रक्त कार्बोक्सिहिमोग्लोबिनसाठी, म्हणजे या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन मोजण्यासाठी, पाठवले आणि दोघांच्याही पातळ्या वाढलेल्या आल्या. गीझर काढून टाकला, गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या, आणि त्यानंतर त्याला कधीही काही झाले नाही. दीड वर्ष त्याने विनाकारण गोळ्या घेतल्या, पण मला अधिक बोचते ते वेगळेच: गोळ्या चालू आहेत या विश्वासावर तो रोज त्याच खोलीत जात होता. चुकीचे निदान फक्त नको ते औषध देत नाही, खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवायला लावते. तेव्हापासून पहिली आकडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो की ती कोठे आली, तेथे काय पेटलेले होते, खिडकी कशी होती आणि त्या वेळी घरात आणखी कोणाचे डोके दुखत होते का.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे याला अपस्मार म्हणायचे का. अपस्माराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१४ ची व्याख्या इथे उपयोगी पडते. बाहेरचे तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून अधिक अंतराने दोन आकड्या आल्या, किंवा अशी एकच आकडी येऊन पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असली, किंवा अपस्माराचा एखादा निश्चित प्रकार ओळखता आला, तरच अपस्मार म्हणावे. ‘बाहेरचे तात्कालिक कारण नसताना’ हे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे आहेत. विषबाधा चालू असताना आलेली आकडी ही प्रसंगजन्य आकडी होय. मेंदूला इजा झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत आलेली आकडीही सर्वसाधारणपणे याच गटात मोडते. अशा आकड्या एक नव्हे, तीन आल्या आणि तिन्ही त्याच विषारी हवेत आल्या, तरी संख्येमुळे त्यांचा अपस्मार होत नाही. मेंदूला मार, पक्षाघात किंवा मेंदूचा संसर्ग यांच्याबाबत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पहिल्या आठवड्यातील प्रसंगजन्य आकडीनंतर १० वर्षांत विनाकारण आकडी येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के होती, तर पहिलीच आकडी विनाकारण आलेल्यांमध्ये ती सुमारे ६५ टक्के. हे आकडे विषबाधेचे नव्हेत आणि ते तसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण दोन्हींत भेद का करायचा, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

मग या वायूमुळे खरा, कायमचा अपस्मार कधीच होत नाही का? होतो, पण त्याची वाट वेगळी आहे. विषबाधा तीव्र असेल, माणूस तासन् तास बेशुद्ध राहिला असेल, तर मेंदूत कायमची इजा राहते. एमआरआयवर दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडस या भागातील डाग ही तिची प्रसिद्ध खूण. त्याशिवाय शुभ्र द्रव्य (मेंदूतील चेतातंतूंचा भाग), मेंदूचे बाह्यक (बाहेरचा थर) आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस यांनाही झळ पोहोचू शकते. ग्लोबस पॅलिडस हा आकडी निर्माण करणारा भाग नाही, तेथील इजेमुळे हालचाली मंद व ताठर होतात. आकडीचा धोका असतो तो बाह्यक आणि हिप्पोकॅम्पस यांच्या इजेत. म्हणून अहवालात नुसते ‘कार्बन मोनॉक्साइडचे बदल’ असे वाचून समाधान मानू नये. इजा नेमकी कोठे आहे ते विचारावे. विषबाधा उलटून आठवडे किंवा महिने गेल्यावर, हवा स्वच्छ असताना आकडी आली आणि अशी इजा एमआरआयवर दिसत असली, तर तो अपस्मार समजून नीट उपचार करावे लागतात.

आणखी एक प्रकार कुटुंबांना पार गोंधळात टाकतो. रुग्ण शुद्धीवर येतो, चालतो, बोलतो, घरी जातो. आणि साधारण २ ते ४० दिवसांनंतर अचानक मंद होतो. एका गृहस्थांच्या पत्नीने सांगितलेले मला अजून आठवते: इस्पितळातून घरी आल्यावर वीस दिवस ते रोजचा हिशेब स्वतः लिहीत होते, एकविसाव्या दिवशी हातात पेन धरून नुसते कागदाकडे पाहत बसले आणि लघवी जागेवरच झाली तरी त्यांना त्याचे काही वाटले नाही. विषबाधेनंतरचा हा उशिरा येणारा मेंदूविकार आहे. शून्यात पाहत राहणे, उत्तर न देणे यांवरून घरच्यांना आणि काही वेळा डॉक्टरांनाही हा अपस्माराचाच एखादा प्रकार वाटतो. ईईजीत बहुधा सगळीकडे लहरी मंदावलेल्या दिसतात, आकडीच्या टोकदार लहरी नसतात. अशा वेळी अपस्माराच्या गोळ्यांचा डोस वाढवत नेल्याने मंदपणात भरच पडते. यातील बरेच रुग्ण काही महिन्यांत बऱ्यापैकी सुधारतात, हे मी नातेवाइकांना मुद्दाम सांगतो.

निदान हुकण्याचे कारण बहुतेक वेळा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये असते. हे यंत्र दोन तरंगलांबींच्या प्रकाशावरून हिमोग्लोबिनचा रंग पाहते, आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच लालबुंद दिसते. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ टक्के दाखवते. धमनीच्या रक्तातील वायूंच्या साध्या तपासणीतही ऑक्सिजनचा दाब नॉर्मल येतो. निदानासाठी को-ऑक्सिमेट्री करून कार्बोक्सिहिमोग्लोबिन थेट मोजावे लागते. त्यासाठी शिरेतील रक्तही चालते. धूम्रपान न करणाऱ्यात ३ ते ४ टक्क्यांहून अधिक आणि धूम्रपान करणाऱ्यात १० टक्क्यांहून अधिक पातळी संशयाला पुष्टी देते. मात्र वेळ महत्त्वाची आहे. साध्या हवेत ही पातळी निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात, तोंडाला घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे सव्वा तास. म्हणजे ३० टक्के पातळी असलेला माणूस वाटेत ऑक्सिजन घेत अडीच तासांनी तपासला गेला, तर अहवालात साडेसात टक्केच दिसतील आणि आणखी सव्वा तासाने जेमतेम चार. उशिरा घेतलेला नॉर्मल अहवाल विषबाधा झाली नव्हती असे सिद्ध करत नाही. पहिल्या क्षणी घेतलेला रक्ताचा नमुना बंद नळीत शिल्लक असेल तर त्यावर नंतरही ही तपासणी करता येते. आणीबाणी विभागात हे विचारायला संकोच करू नये. त्वचा चेरीसारखी लाल दिसते असे पुस्तकात असते, पण जिवंत रुग्णात ते क्वचितच दिसते आणि त्याची वाट पाहू नये.

प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. आत शिरणाऱ्याने आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. एरवी आकडी आलेल्या माणसाला हलवू नये असे आम्ही सांगतो, पण विषारी हवेत हा नियम लागू नाही. बाहेर आणल्यावर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. इस्पितळात पहिले औषध शुद्ध ऑक्सिजन हेच असते. आकडी चालूच असेल तर ती थांबवण्यासाठी लोराझेपाम किंवा मिडाझोलाम ही औषधे देतात. रुग्ण गरोदर असेल तर आधी सांगावे, कारण गर्भाच्या रक्तात हा वायू अधिक चिकटतो आणि उशिरा निघतो.

दाबयुक्त ऑक्सिजनच्या कक्षातील उपचाराबद्दल अनेकजण विचारतात. त्याने वायूची पातळी निम्म्यावर येण्याचा अवधी २० ते २५ मिनिटांवर येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत असे तीन उपचार २४ तासांत दिलेल्यांपैकी २५ टक्के रुग्णांत सहा आठवड्यांनी बौद्धिक दोष आढळले, साधा ऑक्सिजन दिलेल्यांत ४६ टक्के. त्याआधीच्या, १९९९ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र असा फायदा दिसला नव्हता. माझा कल असा की बेशुद्धी, आकडी किंवा गर्भारपण असेल आणि असा कक्ष वेळेत गाठता येत असेल, तर तो विचारात घ्यावा. मात्र जास्त दाबाखालचा ऑक्सिजन स्वतःच आकडी आणू शकतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच हे दाखवले होते. कक्षात आकडी आली तर मास्क काढून काही वेळ साधी हवा देतात आणि ती थांबते. ती आकडीही अपस्मार नव्हे, हे त्या रुग्णाच्या कागदांवर स्पष्ट लिहिलेले असावे, नाहीतर पुढचा डॉक्टर तिची गणती अपस्मारात करतो.

विषयाची एक बाजू वाचकांना नवी वाटेल. आपले शरीर स्वतःही थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार करते. हीम या लोहयुक्त द्रव्याचे हीम ऑक्सिजनेज नावाच्या विकराकडून विघटन होताना तो निर्माण होतो. १९६८ मध्ये या विकराचा शोध लागला आणि १९९३ मध्ये हा वायू मेंदूत संदेशवाहक असावा अशी मांडणी झाली. नवजात डुकराच्या पिलांवरील प्रयोगांत असे दिसले की आकडीच्या वेळी मेंदूचा रक्तपुरवठा वाढवण्यात शरीरातच तयार झालेल्या या वायूचा वाटा असतो, आणि विकर रोखला की ती वाढ खुंटते. म्हणजे अत्यल्प प्रमाणात तो आकडीच्या काळात मेंदूचे रक्षणही करत असावा. यावरून ‘थोडा वायू अपस्माराला चांगला’ असा अर्थ कृपया कोणी काढू नये. पेशीच्या आत जागच्या जागी तयार होऊन संपणारे प्रमाण आणि श्वासावाटे सगळ्या रक्तात भरणारे प्रमाण या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांना आधीपासून अपस्मार आहे त्यांच्याबद्दल: ऑक्सिजनची कमतरता ही कोणत्याही मेंदूला आकडीच्या दिशेने ढकलते, आणि ज्याच्या मेंदूत आकडी आधीच सहज येते त्याला कमी धक्का पुरतो, म्हणून काळजी अधिक घ्यावी. त्याहून मोठा धोका मला असा वाटतो की अशा माणसाला विषारी हवेत आकडी आली तर सगळे म्हणतात ‘नेहमीचीच आहे’ आणि त्याला तेथेच पडू देतात. नेहमी झोपेत येणारी आकडी अचानक न्हाणीघरात, गाडीच्या बंद गॅरेजमध्ये किंवा शेगडी पेटवलेल्या खोलीत आली, तर आधी त्याला बाहेर काढा. शहरी हवेतील या वायूच्या पातळीचा आणि अपस्मारासाठी इस्पितळात दाखल होण्याचा संबंध चिलीमधील २०१० च्या एका अभ्यासात आढळला होता. पण रस्त्यावरच्या हवेत हा वायू इतर अनेक प्रदूषकांसोबतच वावरतो, त्यामुळे दोष याचाच असे त्यावरून ठरवता येत नाही. धूम्रपानाने मात्र रोज, निश्चितपणे ही पातळी वाढते, आणि अपस्मार असलेल्यांना मी ते सोडायला आग्रहाने सांगतो.

आता तुमच्या बहिणीकडे वळतो. तिच्याबाबत कार्बन मोनॉक्साइडशिवाय दोन शक्यता तपासल्या पाहिजेत. एक, डोक्यावर गरम पाणी ओतल्याने चेतवला जाणारा अपस्मार. यात पाणी कशावरही तापवलेले असो, डोक्यावर ओतताना किंवा लगेच नंतर भान हरपते, आणि गार किंवा कोमट पाण्याने ते टळते. दुसरी, हृदयाच्या ठेक्यातील दोष, ज्यासाठी ईसीजी करून घ्यावा. तिला आणि तिला बाहेर काढणाऱ्याला वेगवेगळे बसवून विचारा: कोसळण्याआधी डोके दुखले का, पाय लटपटले का, आत गेल्यावर किती मिनिटांनी हे झाले, तिच्याआधी किती जणांनी आंघोळ केली होती, खिडकी किंवा झरोका उघडा होता का, त्या दिवशी गीझर आत होता की बाहेर. ही उत्तरे लिहून मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या; तिन्ही प्रसंगांच्या आणीबाणी विभागातील कागदांसह न्या, आणि कोणत्याही वेळी कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजले होते का ते त्यांत पाहा.

गोळ्यांचा निर्णय त्यानंतरचा आहे. कारण विषबाधाच होती असे ठरले, एमआरआय खरोखर स्वच्छ असला आणि कारण कायमचे दूर झाले, तर या गोळ्या दीर्घकाळ घेण्याची गरज राहत नाही. गोळ्या आधीपासून दिल्याने पुढचा अपस्मार टळतो असेही नाही. डोक्याला मार लागलेल्यांवर फेनिटोइन या अपस्मारावरील औषधाची जी चाचणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पहिल्या आठवड्यातील आकड्या कमी झाल्या, पण नंतरच्या नाहीत. परंतु गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस काही आठवड्यांत हळूहळू उतरवत. एकदम बंद केल्यास त्यामुळेच आकडी येऊ शकते आणि मग कारण कोणते हे कळेनासे होते. त्या काळात आणि त्यानंतर काही महिने तिने पोहणे, उंचावर चढणे आणि वाहन चालवणे टाळावे.

गीझर पुन्हा न्हाणीघराच्या आत बसवू नका. तो उघड्या हवेत असावा आणि आत फक्त पाण्याचा नळ यावा. आत ठेवून हवा खेचणारा पंखा बसवणे हा उपाय अनेकांना सुचतो. पण हवा आत यायला वाट नसेल तर तोच पंखा धुराच्या नळीतून बाहेर चाललेला वायू उलटा खोलीत ओढू शकतो. घरात कोठेही इंधन जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावा. गॅसगळतीचे यंत्र वेगळे असते, ते हा वायू ओळखत नाही; खरेदी करताना वेष्टनावर कार्बन मोनॉक्साइड असे लिहिलेले आहे का आणि वापराची मुदत कधी संपते हे पाहून घ्या. यंत्र वाजले तर ते बंद करून झोपू नका, सगळे बाहेर पडा. आणि बहिणीखेरीज तुमच्या घरातील जे कोणी गेल्या दोन हिवाळ्यांत त्या न्हाणीघरातून डोके धरून बाहेर आले असतील, त्यांनाही डॉक्टरांकडे तिच्यासोबत घेऊन जा.